कोरडी आलीस तर उद्या जा

मित्रांनो, मी एक जुनी विजार आहे. आधीच नाक मुरडू नका! मी काही घरात घालायची साधीसुधी विजार नव्हे. मी बर्फात घालायची, नारिंगी, खांद्यावर पट्टे असलेली दणकट विजार आहे. इथे पृथ्वीच्या दक्षिण टोकाजवळ, पातागोनियात, आमच्या गावात, जो कोणी पहिल्यांदा स्नोबोर्डची फळी पायाला बांधून डोंगरावर गेला, तो बहुतेक माझ्यातच पाय घालून गेला. आणि पहिल्या दिवशी माणूस फळीवर कमी, बुडावर जास्त असतो. ते बूड कोरडं ठेवणं हे माझं काम. हसलात ना? हसा. मलाही त्याचा अभिमानच वाटतो.

मला शिवलं दोन्या ओतिलियाने. दोन्या म्हणजे आमच्याकडे 'बाई'. गावात कपडे शिवणारी ती एकटीच. लोकरीचे गठ्ठे नेणाऱ्या ट्रकची ताडपत्री एका हिवाळ्यात टरकन फाटली आणि ड्रायव्हर ती रस्त्याकडेला टाकून निघून गेला. ओतिलियाने ती उचलून आणली. आतून जुन्या घोंगडीचं अस्तर लावलं, मागच्या बाजूला दुहेरी ठिगळ दिलं आणि शिवणींतून पाणी शिरू नये म्हणून वरून मेंढीची चरबी चोळली. पाणी कधी शिरलं नाही, पण गावातली सगळी कुत्री माझ्यामागे लागली!

काय दिवस होते ते! मी या घरातून त्या घरात जायची आणि परत येताना सोबत बशीभर तोर्ता, म्हणजे आमच्याकडच्या तळलेल्या जाड पुऱ्या, यायच्या. "हिच्यात बसलं की घरात बसल्यासारखं वाटतं," असं लोक म्हणायचे. मग रस्त्यावर भाड्याने कपडे देणारी दुकानं आली. तिथल्या विजारी चकचकीत, हलक्या, त्यांना चरबीचा वास नाही. मला कोण विचारतो? मी ओतिलियाच्या पडवीत एका खोक्यावर पडून राहिले. एका कोंबडीने माझ्या उजव्या पायात अंडी घातली. हा अपमान म्हणायचा की मान, हे मला अजून कळलेलं नाही.

अशात एका जुलैत, म्हणजे आमच्या ऐन हिवाळ्यात, बर्फ दाराशी आला असताना, यामिला धावत आली. शेजारच्या मिर्ताची मुलगी, चौदा वर्षांची, बोलायला लागली की थांबायची नाही. शाळेतल्या सगळ्या मुलांना आठवडाभर डोंगरावर फुकट शिकवणार होते. फळी, बूट आणि हेल्मेट तिथेच मिळणार होतं, कपडे ज्याचे त्याने आणायचे.

"दोन्या ओतिलिया, तुमची ती नारिंगी विजार आहे ना अजून? द्या ना! आई जाऊच देत नव्हती. आत्ता कुठे हो म्हणालीय, पण अट घातलीय."

"कसली गं अट?"

"पहिल्या दिवशी कोरडी घरी आले तर आठवडाभर जायचं. ओली आले तर बर्फाचं नाव काढायचं नाही. यंदा नाही, कधीच नाही."

मागच्या हिवाळ्यात यामिला भिजून आली होती आणि मग छातीत कफ होऊन दवाखान्यात पडली होती. मिर्ता रात्रंदिवस तिच्या खाटेजवळ बसून होती. हे गावात सगळ्यांना माहीत होतं, मलासुद्धा. ओतिलियाने कोंबडीला हुसकलं, मला झटकलं आणि पुन्हा चरबी चोळायला घेतली. मित्रांनो, किती वर्षांनी कोणीतरी माझी पाठ रगडत होतं! मला रडूच आलं असतं, पण ताडपत्रीला रडता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी यामिला आईने अंगावर चढवून दिलेल्या कपड्यांत आली. ओतिलियाने तिला पाहून कपाळाला हात लावला. आत सुती बनियन, खाली जीन्स, पायात मोज्यांचे तीन जोड, त्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या आणि गळ्यात गुडघ्यापर्यंत लोंबणारा मफलर.

"अगं, तू बर्फात चाललीस की आई तुला टपालाने पाठवतेय? काढ हे सगळं!"

"पिशव्या पण? आमच्याकडे सगळेच घालतात."

"म्हणून सगळ्यांचेच पाय गारठतात. पिशवीत घाम साठतो. तीन मोजे कोंबलेस की पाय आवळतात, मग ऊब कुठून येणार? एकच जोड घाल, लोकरीचा, उंच. आणि जीन्स नको. ती एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही. सुती बनियनचंही तेच."

मग तिने यामिलाला अंगालगत पातळ लोकरी बनियन आणि तशीच तुमान घातली, वर स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जॅकेट. मफलर काढून गळ्याभोवती छोटी लोकरी पट्टी दिली. हातमोजे दिले, गॉगल दिला, नाकाला आणि ओठांना मलम फासलं, कारण बर्फावरचं ऊन खालूनही भाजतं. शेवटी मी चढले. पाठीवरच्या पिशवीत तिने कोरड्या मोज्यांचा जोड आणि आतल्या कपड्यांचा आणखी एक जोड प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवला.

एवढ्यात मिर्ता आली. तिच्या काखेत थर्मास होता. येर्बा म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, तो उकळत नाहीत, थर्मासमधलं गरम पाणी थोडं थोडं ओतून घोट घोट पितात, आणि आमच्याकडे माणूस पाकीट विसरेल पण थर्मास विसरणार नाही. ओतिलिया म्हणाली, "मिर्ता, थर्मास कशाला? पोर पडणार आहे." मिर्ताने ऐकलंच नाही. "आत गरम गेलं की बाहेरचं काही लागत नाही," म्हणत तिने थर्मास आणि येर्बाची डबी मुलीच्या पिशवीत कोंबली, आणि पिशवी स्वतःच्या हाताने तिच्या पाठीवर आवळून बांधली.

वर फाकुंदो नावाचा शिकवणारा तरुण होता. त्याने सगळ्यांना बजावलं, "पिशव्या झोपडीत ठेवा. पाठीवर काही नको." सगळ्यांनी ठेवल्या. यामिला पिशवी धरून उभी राहिली. आईचा थर्मास तिला परक्या झोपडीत सोडवेना. फाकुंदोची पाठ वळली तशी तिने पिशवी पाठीवर अडकवली आणि वरून जॅकेट चढवलं. मोठी शहाणी!

मग सुरू झाला आमचा खेळ. उभी राहिली की धपकन बसायची. पुन्हा उठायची, पुन्हा धपकन! माझं दुहेरी ठिगळ बर्फावर आपटत होतं आणि आतली घोंगडी कोरडी ठणठणीत होती. मी किती खूश होते म्हणून सांगू! दुपारनंतर एकदा ती उठली आणि चक्क उभीच राहिली. फळी हलली. आम्ही निघालो! वारा माझ्या पायांत फडफडला, खालचं गाव वर आल्यासारखं वाटलं, आणि यामिला ओरडली, "जातेय! मी जातेय!" आनंदाच्या भरात तिने दोन्ही हात वर केले आणि सरळ पाठीवर पडली.

पाठीवर खळ्ळकन आवाज झाला.

थर्मासची आतली काच फुटली होती. पाणी एव्हाना कोमट झालं होतं म्हणून भाजलं नाही, नाहीतर खैर नव्हती. पण ते सगळं पिशवीतून गळून तिच्या स्वेटरमधून खाली आलं आणि वरून माझ्या आत शिरलं. आता मी काय सांगू? बाहेरचं पाणी मी आत येऊ देत नाही, हे खरं. पण आत आलेलं बाहेरही जाऊ देत नाही. सगळं पाणी पायांतून मोज्यांपर्यंत गेलं. अख्खा दिवस मी बर्फाशी लढले आणि हरले ती थर्मासपुढे. मला लाजेने फाटून जावंसं वाटलं.

यामिला झोपडीत जाऊन रडली. "आता संपलं, आई कधीच पाठवणार नाही." फाकुंदोने पिशवीत हात घातला आणि वरच्या कप्प्यातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले ओतिलियाचे कपडे काढले. कोरडे! "हे कोणी दिलं तुला? त्या बाईला माझा नमस्कार सांग," तो म्हणाला. "आणि उद्या पिशवी दिसली तर मी तुलाच पिशवीत भरीन." यामिलाने शेकोटीपाशी कपडे बदलले. मलाही आतून पुसलं आणि स्वेटरशेजारी, शेकोटीपासून हातभर लांब टांगून वाळवलं.

संध्याकाळी मिर्ता दारातच उभी होती. तिने मुलीचे मोजे चाचपले, मग बनियन, मग माझ्या आत हात घालून पाहिला. सगळं कोरडं होतं. यामिलाला गप्प बसता आलं असतं. पण ती म्हणाली, "आई, मी भिजले होते. नंतर कपडे बदलले."

मिर्ताचा चेहरा उतरला. "बर्फ आत गेला ना? मला माहीत होतं."

"बर्फ नाही गं." यामिलाने पिशवी हलवली. आत काचा खुळखुळल्या. "तुझा थर्मास गेला."

मिर्ताने थर्मास हातात घेतला. पदराने त्याचं झाकण पुसलं. मग हळूच म्हणाली, "दवाखान्यात हाच होता माझ्याजवळ. तू झोपलीस की मी यातलं पाणी पीत बसायची. तेव्हापासून याला सोडून मला कुठं जाववत नाही." तिचे डोळे भरले. आणि तेवढ्यात कुंपणापलीकडून ओतिलिया ओरडली, "म्हणजे पोरीला भिजवलंस तू, आणि नाव बर्फाचं?"

मिर्ता आधी रागावली, मग हसली, मग इतकी हसली की पायरीवरच बसली. "फुटला ते बरं झालं मेला," ती म्हणाली. "उद्या जाताना पिशवीत कोरड्या मोज्यांचे दोन जोड ने."

यामिला आठवडाभर गेली. आणि शेवटच्या दिवशी, जेव्हा गावातल्या मोठ्यांनाही वर बोलावलं होतं, मला कोणी घातलं असेल? मिर्ताने! ती माझ्यासकट इतक्या वेळा आदळली की कुत्र्यांनीही मोजणं सोडलं असेल. जीन्स नव्हती, पिशव्या नव्हत्या, मोज्यांचा एकच जोड होता.

मित्रांनो, आता मी पडवीत खोक्यावर नसते, ओतिलियाच्या दारामागे खुंटीवर असते. एवढंच मागते, की मला ओली घडी करून ठेवू नका, शेकोटीला चिकटवू नका, सावलीत टांगा आणि हिवाळ्याआधी चरबी चोळा. आणि पहिल्या दिवशी निघालात की पिशवीत एक कोरडा जोड टाका, फुटणारं काही टाकू नका.

तर त्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी मिर्ता आणि मी घरी पोचलो तेव्हा आमच्या आधीच परतलेली यामिला दारात उभी होती, कमरेवर हात ठेवून. तिने आईचे मोजे चाचपले, माझ्या आत हात घातला.

"कोरडी आलीस तर पुढच्या वर्षी जा," ती म्हणाली. मग तिने आईच्या गालांवरून बोट फिरवलं. "हे काय? गाल ओले आहेत!"

"ते बर्फाने नाही गं," मिर्ता म्हणाली. "हसून हसून झालेत."