एकविसाचं पोकळ वर्तुळ

जागृतीला पोकळ वर्तुळाचा राग आला होता. ही माझी धाकटी बहीण, वय बारा, जन्म इथलाच, अमेरिकेतल्या ईडन प्रेरीचा, म्हणून जन्मानेच इथली नागरिक. किचनच्या टेबलावर तिने संख्यारेषा आखली होती. ‘x चारपेक्षा लहान’ दाखवायचं होतं, आणि आमच्या या बाईसाहेबांनी चारवर काळंभोर टिंब ठोकून दिलं होतं.

“पोकळ ठेव,” मी म्हटलं. “चार त्यात येत नाही.”

“ताई, इट्स जस्ट वन पॉइंट! हू केअर्स?”

“साडेतीन चालेल?”

“या.”

“तीन पॉइंट नऊ नऊ नऊ?”

“या.”

“आणि चार?”

“नो. दॅट्स सो मीन!”

मीन आहेच. मी युनिव्हर्सिटीत गणित शिकते, तरी हे वर्तुळ मला इतकं दुष्ट कधी वाटलं नव्हतं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बाबा ग्रीन कार्डाचे फॉर्म पसरून बसले होते. हातात पेन होतं, पण लिहीत काहीच नव्हते.

तेरा वर्षं आम्ही या रांगेत होतो. तेवढ्यासाठी बाबांनी एकच कंपनी धरून ठेवली आणि त्या कंपनीतला एकच खडूस मॅनेजर सहन केला. जूनमध्ये अखेर आमचा नंबर लागला. नियम असा, की आईवडिलांच्या अर्जात मूल धरायचं तर ते एकविसापेक्षा लहान हवं. एकवीस झालं की बाहेर. कागदावर मला एकवीस पूर्ण झाली मे महिन्यात.

कागदावर म्हणजे काय, ते सांगते. मी जन्मले चौदा ऑगस्टला, आईच्या माहेरी, घरीच. जन्माची नोंद करायचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. पुढे नागपूरच्या चांगल्या शाळेत पहिलीत घालायची वेळ आली, तर शाळेची अट होती, एक जूनला पाच वर्षं पूर्ण हवीत. पाच किंवा जास्त, म्हणजे भरीव टिंब. मी थोडक्यात कमी पडत होते. आमच्या घरात शिक्षणाचं एक वर्ष वाया जाणं म्हणजे पापच. बाबांनी राहून गेलेली नोंद करून घेतली आणि ऑगस्टचा मे केला. आपल्याकडे असे मे आणि जून घरोघरी आहेत, त्याला कुणी खोटं म्हणत नाही. मलाही मजाच वाटायची. शाळेत मेमध्ये वाढदिवस, घरी ऑगस्टमध्ये, वर्षाला दोन केक!

रांगेतली वर्षं नाही, पण सुरुवातीचा कंपनीचा अर्ज मंजुरीसाठी जितके दिवस पडून राहतो तेवढे वयातून वजा होतात म्हणे. पण बाबांनी घाईची जादा फी भरून तो अर्ज लवकर पास करून घेतला होता, त्यामुळे वजा करायला काही उरलंच नाही. घाईच नडली, दोन्ही वेळा. मग आईने वकीलबाईंना ‘एका मैत्रिणीची केस’ म्हणून विचारून पाहिलं, की जन्मतारीख आता दुरुस्त करता येईल का? वकीलबाई म्हणाल्या, तुमच्या मैत्रिणीला सांगा, आजवर सही केलेला प्रत्येक कागद उघडला जाईल आणि सगळं कुटुंब अडकेल.

मला रडू आलं नाही, संताप आला. सातव्या वर्षी सुटलेल्या नागपुरात मला आज एक रिक्षा धड करता येणार नाही, आणि ‘शिक्षण झालं की मायदेशी परतेन’ असं सांगून मी स्टुडंट व्हिसा मागितलाय, कारण एकविसानंतर बाबांच्या व्हिसावरही राहता येत नाही. दार कुठूनही ढकलावं तर ते आमच्याच कुणाच्या तरी अंगावर पडणार.

“आपण भरायचंच नाही,” बाबा एकदम म्हणाले. “सगळे मिळून थांबू. तुला सोडून कसलं कार्ड घ्यायचं?”

“थांबून काय होणार बाबा? मी लहान होणार आहे का?”

“उपासना, बाबांशी नीट बोल,” आई गॅसजवळून म्हणाली.

“नीटच बोलतेय. उद्या यांना लेऑफ केलं की चौघांच्या बॅगा भरायच्या. निदान तुम्ही दोघं तरी सुटा.”

बाबांनी मान खाली घातली आणि लिहायला लागले. अर्जदाराला आपल्या सगळ्या मुलांची नावं लिहावी लागतात, अर्जात असोत किंवा नसोत. जागृतीची जन्मतारीख त्यांनी झरझर लिहिली. मग माझं नाव लिहिलं आणि तारखेच्या चौकटीपाशी त्यांचं पेन थांबलं.

दर रविवारी आम्ही कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये वंदनेला जमतो. पंचशील बाबाच म्हणवून घेतात, खोटं न बोलण्याचं शीलसुद्धा. शाळेच्या वेळी त्यांना त्याची आठवण झाली नसावी. आज झाली होती, चेहऱ्यावरच दिसत होतं.

“खरी लिहू का गं?” त्यांनी इतक्या हळू विचारलं, की जागृतीनेसुद्धा वहीतून वर पाहिलं.

ज्या तारखेने मला बाहेर काढलं, तीच त्यांना पुन्हा एकदा स्वतःच्या हाताने लिहायची होती. आणि ती लिहा म्हणून मलाच सांगायचं होतं.

“मे लिहा, बाबा,” मी म्हणाले. “मग चौदा. इथे महिना आधी येतो.”

त्यांनी महिना लिहिला. दिवस लिहिला. वर्षापाशी आल्यावर डावा हात त्यांनी उजव्या मनगटावर दाबून धरला.

“अक्षर नीट काढा,” आई आमच्याकडे पाठ करून म्हणाली. “त्यात खाडाखोड चालत नाही.”