छज्ज्यापाशी काटकोन

वीजरोधकाची तांब्याची पट्टी दवाखान्याच्या गच्चीवरून सरळ खाली आली होती. छज्ज्यापाशी मात्र ती एकदम काटकोनात वळली होती आणि वळणाच्या कडेवर केसाएवढी चीर होती. मुलीने मान वर करून ती दोनदा पाहिली.

पट्टीतून आकाशातली वीज सुखरूप जमिनीत उतरायची, तर वळण गोलसर हवं. काटकोनात ती पट्टी सोडून जवळच्या लोखंडावर उडी घेऊ शकते. इथे जवळचं लोखंड म्हणजे खिडकीचे गज, आणि गजांच्या आत बाळंतिणींच्या खाटा. वळणाचा हा नियम तिने पुस्तकात नंतर वाचला. त्याआधी बाबांनी तो शिकवला होता, स्वतःच्या मनगटाभोवती तार वळवून.

ही पट्टी गेल्या वर्षी बाबांनीच बसवली होती.

बापलेक दवाखान्याची वार्षिक तपासणी करायला आले होते. मोठ्या सिस्टरने चहा दिला आणि मुलीला म्हणाली, "तुझे बाबा म्हणजे आमचा विमा. गडगडायला लागलं की घाबरलेल्या पोरींना मी त्यांचंच नाव सांगते."

बाबा हसले नाहीत. ते छज्ज्याकडे बघत होते.

घरात हा विषय जुना होता. बाबांचा खांदा आखडला होता, हात पुरता वर जात नव्हता, सदऱ्याची बाही आई चढवून द्यायची, तरी शिडीवर तेच चढत. ह्यांना वीज काही करणार नाही, शिडीच हिसका दाखवेल, असं आई म्हणायची. मुलीने विषय काढला की बाबा बातम्यांचा आवाज वाढवत.

"बाबा, छज्ज्याला वळसा घालायला हात पुरला नाही ना?" तिने हळूच विचारलं.

बाबा उठले. चहाचा कप परत द्यायला गेले तेव्हा सिस्टरला म्हणाले, की चूक त्यांची आहे, आजच दुरुस्त होईल. तोवर खिडकीजवळच्या खाटा आत घ्या. सिस्टरने त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं आणि काही न विचारता खाटा ओढायला घेतल्या.

बाबांनी शिडी लावली. पहिल्या पायरीवर पाय ठेवून सवयीने हात वर नेला. तो कानापर्यंतच गेला.

ते खाली उतरले. कमरेचा सुरक्षेचा पट्टा सोडून त्यांनी तो मुलीच्या कमरेला बांधला, बक्कल दोनदा ओढून पाहिलं. मग शिडीच्या पायाशी आपलं पाऊल घट्ट रोवलं.

"वळण मोठं घे, घाई नको," ते म्हणाले. "आणि यापुढे वर तूच जायचं. मी शिडी धरीन."