चंदनाची सरासरी

बाबांचे दिवस झाल्यावर मी कॉलेजात परतले, तेव्हा गुण कसे द्यावेत याचा फेरविचार करणारी प्राध्यापकांची कार्यशाळा सुरू होती. मल्लेश्वरमच्या आमच्या हॉलमध्ये फिल्टर कॉफीचा वास होता आणि मागच्या रांगेत गुपचूप पेपर तपासले जात होते.

प्रशिक्षक आश्लेषा यांनी शेवटच्या दिवशी खरंच अडलेलं प्रकरण मागितलं. मी चंदनाचं दिलं. गणिताच्या पहिल्या दोन चाचण्यांत ती साफ नापास. तिसरीत सगळं बरोबर, आधी चुकलेलंसुद्धा. तरी सरासरी कमी पडत होती, म्हणजे परीक्षेला बसता येणार नव्हतं आणि वर्ष जाणार होतं. सरासरी सोडून आज तिला काय येतं ते धरायचं का, हे विभागाने तिथेच ठरवायचं होतं.

विभागप्रमुख विश्वासराव मराठीच, पण कित्येक पिढ्या इथल्या कन्नड मुलखातले. सरासरीवर त्यांचा जीव.

"नयनाक्का, मग पहिल्या चाचणीला अभ्यास कोण करेल? मी तर करणार नाही."

सगळे हसले. त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं.

बाबांबद्दल मी कुणाशी बोलले नव्हते. तेव्हा बोलले. पक्षाघातानंतर राजाजीनगरच्या घरी फिजिओथेरपिस्ट यायची. आपण किती वेळा पडलो ते बाबाच तिला सांगत बसायचे, इंजिनिअर ना. ती ऐकून घ्यायची आणि आज कुठवर चालायचं ते विचारायची. कालचं पडणं तिने आजच्या चालण्यातून कधी वजा केलं नाही. पुढे बाबा एकटे फाटकापर्यंत जाऊन वर्तमानपत्र आणू लागले.

विश्वासराव हलकेच म्हणाले, "पण अक्का, शेवटी..."

"शेवटी गेले. दुसरा झटका आला. पण त्या सकाळचं वर्तमानपत्र त्यांनीच आणलं होतं. त्यांना चालता येत नव्हतं, असं मी कसं म्हणू?"

विश्वासरावांनी कॉफीचा पेला बाजूला सरकवला.

"सरी, ठीक आहे. या सत्रापुरतं करून बघू. पण जुन्या चुका तिने फळ्यावर मला समजावून सांगायच्या. अभ्यास सुटला नाही पाहिजे."

दुसऱ्या दिवशी चंदना फळ्यापाशी उभी राहिली. विश्वासराव पहिल्या बाकावर, हातात पेन. मधल्याच पायरीवर ती अडखळली आणि तिने आधी त्यांच्या पेनाकडे पाहिलं.

त्यांनी पेनाला टोपण लावून ते खिशात ठेवलं आणि कन्नडमध्ये म्हणाले, सावकाश कर अम्मा, घाई नाही.

तिने ती ओळ पुसली आणि पुन्हा मांडायला घेतली.