लाल ठिपक्याचं काडतूस

आर्डिसनं काडतुसं भरायच्या यंत्राची तरफ खाली ओढली, ठिणगीची टोपी बुडाशी बसल्याचा बारीक आवाज ऐकला आणि बारूद न सोडताच काडतूस पुढच्या खाचेत सरकवलं. छर्रे धरणारी प्लॅस्टिकची वाटी आत दाबली. वाटीत छर्रे पडले. मग तिनं चमच्यानं थोडे छर्रे काढले आणि त्याच चमच्यानं ऑरिन भरला.

बारूद नसल्यामुळे वाटी खोल गेली होती. उरलेली जागा भरायला ऑरिन दोन चमचे जास्तच लागला. तिनं काडतुसाचं तोंड मुडपलं. काडतूस दिसायला अगदी निर्दोष झालं. शेल्फवरची लाल शाईची बाटली उघडून तिनं बुडाच्या पितळेवर काडीनं एक ठिपका दिला आणि तो सुकेपर्यंत फुंकर घालत बसली.

जिन्यावर पावलं वाजली. तिची नणंद फिलिस रूबार्बच्या आंबटगोड वड्यांची बशी घेऊन तळघरात उतरत होती.

"किती झाली?"

"एक."

"दुपारपासून एक? उद्या पंचवीस माणसं येतायत. माझ्या भावाची वाट बघत उभी राहतील थंडीत." फिलिसनं बशी ठेवायला जागा शोधली आणि तिचं लक्ष चमच्याकडे गेलं. "आर्डिस, हा तर केकचा चमचा."

"धुऊन ठेवीन."

"ठेव. फक्त मला सांग कुठला ते. म्हणजे नाताळात मी तुझ्याकडे फक्त कॉफी पिईन."

आर्डिस हसली नाही, पण बशी तिनं जवळ ओढली. नेमबाजांच्या क्लबची ही जुनी रीत होती. जन्मभर उडत्या तबकड्यांवर नेम धरलेल्या माणसाची राख काडतुसांतून भरायची, प्रत्येकानं एकेक झाडायचं. पहिली दोन सगळ्यांत जुन्या सभासदानं. शेवटचं बायकोनं.

"आणि हा ठिपका कसला?" फिलिसनं काडतूस उचलून बघितलं.

"ते लाइलचं. पहिलं."

"लाइल ब्रेकीला तू खूण करून मान देतेस?" फिलिस खुर्चीवर बसली. "मार्लिसच्या दफनालाही गेली नव्हतीस तू. त्याची बायको गेली, अख्खं गाव चर्चमध्ये, आणि तू घरात."

"ऑरिन म्हणाला तसं करतेय. दवाखान्यात म्हणाला, पहिली लाइलला दे."

"मनानं मोठा होता तो."

"होता," आर्डिस म्हणाली आणि ठिपक्याचं काडतूस तिच्या हातातून काढून घेतलं.

ऑरिनचा तो मोठेपणाच तिला सर्वांत जास्त टोचला होता. अकरा वर्षांपूर्वी, जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात ऑरिननं शंभरपैकी अठ्ठ्याण्णव तबकड्या फोडल्या होत्या. बक्षिसाच्या आधी लाइल त्याच्यापाशी आला, त्याच्या पिशवीतलं एक काडतूस मागून घेतलं आणि सगळ्यांसमोर टेबलावर खिशातल्या चाकूनं कापलं. छर्रे क्लबच्या काट्यावर ओतले. मग आकडा मोठ्यानं वाचला. नियमापेक्षा जास्त. ऑरिन एवढंच म्हणाला, तुझा काटा खोटा आहे लाइल, आणि बंदूक खोळीत घालून निघाला. घरी आल्यावर त्यानं या यंत्रावर तिचा जुना टेबलक्लॉथ टाकला. पुन्हा कधी तो काढला नाही. त्यानंतर अकरा वर्षं तो खिडकीशी बसून पक्षी बघत राहिला.

ते काडतूस कापतानाचा लाइलचा अंगठा आर्डिसला अजून आठवत होता. उद्या तो बंदूक खांद्याला लावील, 'सोडा' म्हणून ओरडेल, तबकडी सुटेल आणि नळीतून नुसतं फुस्स होईल. राख त्याच्या पायावर पडेल. पंचवीस माणसं बघतील. त्याच्या हातून ऑरिन जमिनीवर सांडलेला सगळ्यांना दिसेल.

आणखीही एक गोष्ट तिला ठाऊक होती. असं काडतूस झाडल्यावर वाटी नळीत अडकून राहते. शरमेनं गोंधळलेला म्हातारा नळी न बघता दुसरं काडतूस घालील, तर नळी त्याच्या हातात फुटेल. चौतीस वर्षं तिनं मुलांना रसायनशास्त्र शिकवलं होतं. बंद नळीत काय होतं हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. काल चहा पिताना हा विचार आला, तेव्हा तिनं कप खाली ठेवला होता. मग पुन्हा उचलून तो संपवला होता.

"मी वर जाते," फिलिस म्हणाली. "सँडविचचं सामान कापून ठेवते. आणि हे बघ, त्याला सगळा वापरू नकोस. थोडा माझ्यासाठी ठेव, आईशेजारी पुरायला."

"चमच्यानं देऊ?"

"आता हसवू नकोस गं," फिलिस म्हणाली आणि नाक पुसत जिना चढली.

दुसऱ्या काडतुसात आर्डिसनं सगळं रीतसर केलं. टोपी, बारूद, वाटी, छर्रे. एक चमचा छर्रे काढले, एक चमचा राख घातली. तोंड मुडपायला गेली तर ते मिटेना. मधोमध फुगून राहिलं. तिसऱ्याचंही तसंच झालं.

तिनं वाट्यांची पेटी वाचली. जुन्या वाट्या उंदरांनी कुरतडल्या होत्या म्हणून तिनं नव्या मागवल्या होत्या, आणि पट्टीवर कोरलेल्या वजनाला चालतील अशाच. पट्टी म्हणजे यंत्रातला पोलादाचा सरकता तुकडा, त्यात दोन भोकं. एक बारूद मोजायचं, एक छर्रे. भोकात मावतील तेवढेच छर्रे खाली पडतात. छर्‍यांच्या भोकापाशी कोरलं होतं, एक औंस आणि आठवा हिस्सा. नियमात बसणारं सगळ्यांत जास्त वजन. ग्रॅममध्ये एकतीस पॉइंट नऊ.

तिनं शाळेतला तराजू खाली आणला. निवृत्तीच्या वेळी मुलांनी तो तिला दिला होता. पितळी वजनांनी आधी तराजू तपासला, मग पट्टीतून एक माप छर्रे ताटलीत सोडले.

चौतीस पॉइंट सहा.

तिनं ताटली रिकामी केली, पुसली, पुन्हा सोडले. चौतीस पॉइंट पाच. तिसऱ्यांदा पुन्हा चौतीस पॉइंट सहा. जवळजवळ चाळीस दाणे जास्त.

तिनं यंत्राचे दोन स्क्रू सोडवून पट्टी बाहेर काढली आणि दिव्याखाली धरली. भोकाच्या आत करंगळी फिरवली. कारखान्यातलं भोक जितकं गुळगुळीत असतं तितकं ते नव्हतं. भिंग घेतल्यावर रेघा दिसल्या. आधी कानशीच्या आडव्या, मग त्यांच्यावरून बारीक पॉलिशपेपरनं घासल्याच्या तिरक्या. सगळ्या सारख्या अंतरावर. कडेला धार राहू नये म्हणून गोल केलेली.

स्वयंपाकघराच्या दाराची बिजागरी ऑरिननं अशीच घासली होती. तिच्या शिवणयंत्राचं पाऊलही. आधी आडवं, मग तिरकं. घाई केली की चूक राहते, असं तो म्हणायचा.

वर फिलिस काहीतरी गुणगुणत काकड्या कापत होती. आर्डिसनं पट्टी टेबलावर ठेवली, राखेचा डबा तिच्यापासून हातभर लांब सरकवला आणि चष्मा काढला.

मार्लिस आणि ती दोघी चर्चच्या गायनात शेजारी बसायच्या. ऑगस्टमध्ये नदीकाठी जाऊन जंगली चेरी गोळा करायच्या आणि मार्लिसच्या चुलीवर जेली करायच्या, कारण मार्लिसचं पातेलं मोठं होतं. त्या सामन्यानंतर आर्डिसनं चर्चमधली जागा बदलली. चार वर्षांपूर्वी मार्लिस गेली, तिच्या दफनाच्या दिवशी आर्डिसनं नूडल्सचा भांडंभर पदार्थ करून ओव्हनमध्ये ठेवला होता, नेऊन द्यायला. चर्चची घंटा ऐकू आली. ती उठली, ओव्हन बंद केलं आणि पुन्हा बसली. ऑरिन तेव्हा खिडकीशीच होता. जा, असं तो म्हणाला नाही. तू गेलीस तरी चालेल, एवढंही म्हणाला नाही. तो पक्षी बघत होता.

 मग चष्मा लावून तिनं उरलेली काडतुसं भरली. पट्टी न वापरता, प्रत्येक माप तराजूवर. छर्रे आणि राख मिळून एकतीस पॉइंट नऊ. एकही दाणा जास्त नाही. फुगलेली दोन उघडून तीही नीट केली.

लाल ठिपक्याचं काडतूस फोडायला तिनं चाकू हातात घेतला. थोडा वेळ धरून ठेवला. मग चाकू खणात टाकला आणि काडतूस कोटाच्या डाव्या खिशात.

*

शनिवारी सकाळी वारा पश्चिमेकडून होता. क्लबच्या मागे गव्हाचं रान अजून तपकिरी होतं आणि कुंपणाच्या कडेला बर्फाची शेवटची घाण साचली होती. फिलिस सगळ्यांना पेटीतून एकेक काडतूस वाटत फिरत होती. लाइल ब्रेकी सगळ्यांपासून दूर, आपल्या पिकअपपाशी उभा होता. त्याला अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं. आर्डिस जवळ गेली तेव्हा त्यानं टोपी काढली.

"मी नाही म्हणायला आलोय," तो म्हणाला. "पहिली दुसऱ्या कुणाला दे."

"का?"

"तुला माहीत आहे."

"ऑरिनचा शब्द आहे."

लाइलनं टोपी दोन्ही हातांनी फिरवली. "तो असं म्हणाला?"

"माझं नाव घ्यायच्या आधी तुझं घेतलं त्यानं."

आर्डिसचे दोन्ही हात कोटाच्या खिशांत होते. डाव्या मुठीत एक काडतूस होतं, उजव्या मुठीत दोन. लाइलनं तळहात पुढे केला. अंगठा तोच होता.

तिनं उजवा हात बाहेर काढला.

लाइलनं सवयीनं दोन्ही काडतुसं तळहातावर तोलली. मग काय केलं हे लक्षात आल्यासारखा ओशाळला.

"तोल हवं तर," ती म्हणाली. "बरोबर आहेत."

तो रेषेवर जाऊन उभा राहिला, ओरडला, आणि तबकडी फुटली. काळ्या ठिकऱ्यांच्या मागे राखाडी धुराचा पट्टा वाऱ्यावर गव्हाकडे गेला. दुसरीही फुटली. मग एकेक जण. काहींची चुकली, आणि मागून कुणीतरी म्हणालं, ऑरिन असता तर आता मान हलवली असती. फिलिसनं डोळे मिटून चाप ओढला, तरी तिची फुटली, आणि ती स्वतःच दचकली.

शेवटी आर्डिस. ऑरिनची बंदूक तिला जड होती. तिनं डाव्या खिशातलं काडतूस घातलं, नळी मिटली, दस्ता खांद्याला लावला.

"सोडा."

तबकडी उडाली. बंदुकीतून फुस्स झालं, जुन्या दाराची फट वाजते तसं. छर्रे नळीच्या तोंडातून ओघळले आणि त्यांच्यामागून ऑरिन तिच्या बुटांवर आणि खडीवर सांडला. तबकडी लांब जाऊन गव्हात अखंड पडली.

 मागे कुणाला तरी हसू आलं आणि त्यानं ते खोकल्यात लपवलं.

"देवा," फिलिस म्हणाली. "ऑरिननं जन्मात असलं पुचाट काडतूस भरलं नव्हतं."

"मी भरलं," आर्डिस म्हणाली.

"दुसरं घे. घे ना, एक उरलंय."

"नको. त्याला एवढं पुरे."

लाइल पुढे आला होता. त्यानं तिच्या हातातून बंदूक घेतली, उघडली, नळीतून आकाशाकडे बघितलं. आकाश दिसलं नाही. गाडीतून पितळी सळई आणून त्यानं ती नळीत घातली आणि अडकलेली वाटी बाहेर ढकलली. मग वाकून रिकामं काडतूस उचललं. बुडावरचा लाल ठिपका त्यानं पाहिला, अंगठ्यानं पुसून पाहिला. तो निघाला नाही.

बाकीचे सँडविचकडे वळले होते.

"खूण आहे याला," तो म्हणाला.

"हो."

"कालही हे तुझंच होतं?"

आर्डिसनं त्याच्याकडे पाहिलं. "काल संध्याकाळपर्यंत नव्हतं."

लाइलनं मान हलवली. काडतूस खिशात ठेवलं, जसं काही ते त्याचं स्वतःचंच होतं. आर्डिसनं पर्समधून रुमालात गुंडाळलेली पट्टी काढून त्याला दिली. त्यानं भोकात डोकावूनही बघितलं नाही. फक्त अंगठ्याचं नख कडेवरून एकदा फिरवलं आणि रुमाल मिटवून परत केला.

"त्या सामन्याच्या आदल्या वर्षी त्याला एकट्याला बाजूला घेऊन बोललो होतो," तो म्हणाला. "म्हणाला, नवी पट्टी घेतो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझा नवरा होता तो." तो सळई पुसत राहिला. "मार्लिस म्हणायची सांग. मी म्हणायचो, येईल ती आपणहून."

वाऱ्यानं तिच्या बुटांवरची थोडी राख उडाली, बाकीची लेसमध्ये बसून राहिली.

"मार्लिसला कुठल्या बाजूला पुरलंय?" आर्डिसनं विचारलं.

"उत्तरेकडे. कुंपणापासून तिसरी." मग तो म्हणाला, "गायनवाल्यांनी तुझी खुर्ची तशीच रिकामी ठेवली होती त्या दिवशी. शेवटपर्यंत."

 त्यानं पिकअपचं दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि सीटवरचे हातमोजे बाजूला केले. तिकडून फिलिस हाक मारत होती, कॉफी निवतेय म्हणून.

आत चढण्याआधी आर्डिसनं गाडीची पायरी धरली आणि दोन्ही बूट तिच्या कडेवर आपटून घेतले. चिखल लागल्यावर आपटतात तसे. आधी डावा, मग उजवा, मग पुन्हा एकदा डावा.