पदोन्नती नाकारल्याचं पत्र

बायकोच्या ऑफिसातून फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजून गेले होते. तिचा चष्मा घरी टेबलावर राहिला होता, त्यामुळे फोन त्यासाठीच असणार असं मी धरून चाललो. पलीकडचा माणूस तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "तिला सांगा, मी तिचा शिपाई नाही. हवा असेल तर स्वतः येऊन घेऊन जा म्हणावं."

तो म्हणाला, "काका, बाई वारल्या. खुर्चीतच. डॉक्टर येऊन गेले."

माझी बायको नोंदणी कार्यालयात होती. कोण जन्मलं, कोण मेलं, त्याच्या नोंदी. एकतीस वर्षं नोकरी केली. मी सैन्यात, पुरवठा विभागात. तिच्या नोकरीची पहिली बारा वर्षं मी याच गावच्या डेपोत होतो. नंतर दर दोन-तीन वर्षांनी माझी बदली व्हायची, आणि मागोमाग ती तिथली बदली मागून घ्यायची. मागून घेतलेल्या बदलीत ज्येष्ठता जाते. नव्या ऑफिसात नाव यादीत सगळ्यात खाली, काल लागलेल्या पोराच्याही खाली. असं सात वेळा झालं. सातही वेळा तिला दाराजवळचं टेबल मिळालं, जिथं वाऱ्यानं कागद उडतात. कागदांवर ठेवायला तिनं एक गुळगुळीत दगड जपून ठेवला होता. सामान बांधताना मी म्हणायचो, "हा धोंडा कशाला वागवतेस?" ती म्हणायची, "राहू द्या. धोंड्याबरोबर राहायची सवय आहे मला."

ऑफिसात तिला खाडाखोडबाई म्हणायचे. कागदावर एक अक्षर गिरवलेलं दिसलं तरी ती तो परत करायची. एकदा मंत्र्याच्या मेव्हण्याचा अर्ज तिनं तीनदा परत केला. तो ओरडला, "बाई, मी कोण आहे माहीत आहे का?" ती म्हणाली, "नाही ना. जन्मतारखेवर शाई सांडलीय तुमच्या."

ती गेल्यावर आठवड्यानं मी तिचं टेबल रिकामं करायला गेलो. विभागप्रमुख बाईंना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्या आणि माझी बायको याच ऑफिसात एकाच दिवशी नोकरीला लागलेल्या. मी निवृत्त झाल्यावर आम्ही याच गावी परत आलो आणि माझी बायको त्यांच्या हाताखाली यादीत शेवटची म्हणून लागली.

मोठ्या बाईंनी मला चहा दिला, दार लोटलं आणि बायकोचं सेवापुस्तक माझ्यापुढे उघडलं. आत एक पत्र चिकटवलेलं होतं, एकोणीस वर्षांपूर्वीचं. 'घरगुती अडचणींमुळे विभागप्रमुख पदावरील पदोन्नती मी स्वखुशीने नाकारत आहे.' खाली बायकोची सही.

"अक्षर छान आहे हो तुमचं," मोठ्या बाई म्हणाल्या.

ते पत्र मी लिहिलं होतं. तिचे वडील आजारी होते, ती पंधरा दिवस माहेरी गेली होती. पदोन्नतीचा हुकूम घरी आला. त्याच आठवड्यात माझ्या बदलीचाही आला. ती इथं थांबली असती तर मला तिकडे एकट्यानं राहावं लागलं असतं. दहा मिनिटांत मी पत्र लिहिलं, तिच्यासारखी सही केली आणि तिच्या ऑफिसात देऊन आलो. ती परत आल्यावर टपाल आलं का विचारत होती. मी म्हणालो, काही नाही.

"तिला कळलं होतं?" मी विचारलं.

"माहेराहून आली त्याच दिवशी मीच दाखवलं तिला. विचारलं, सही तुझीच का गं? बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, माझीच."

"तुम्हाला तर दिसत होतं ना!"

"दिसत होतं. पण तिच्यानंतर यादीत माझं नाव होतं. खुर्ची मला मिळाली. मीही गप्प बसले."

"पण ती मला का नाही बोलली?"

"ते मला काय विचारता? एकोणीस वर्षं एका छपराखाली होतात."

मला एवढंच आठवलं, की त्या वर्षापासून तिनं आपल्या टपालाला ऑफिसचा पत्ता दिला होता. मी तिची चेष्टा केली होती, "मोठी साहेबीण झालीस की!" ती कणीक मळत होती. मळतच राहिली.

मी उठलो, तसं मोठ्या बाई म्हणाल्या, "बसा. हे मी तुम्हाला छळायला काढलेलं नाही. तुमची मुलगी काल आली होती. अंत्यविधीला कुणाकडून तरी ऐकलं म्हणून आईच्या या पत्राची नक्कल मागत होती."

माझी मुलगी पूल तपासणाऱ्या खात्यात इंजिनिअर आहे. जावईही सैन्यात. त्याची बदली लांब झालीय, आणि इकडे मुलीला बढती आलीय. शनिवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं.

"आईसारखंच लिहून देणार म्हणाली. नक्कल सापडत नाही म्हणून मी तिला परत पाठवलं. आता तुम्ही सांगा तिला. मी सांगितलं तर म्हणेल, खुर्ची लाटली आणि आता बाबांवर ढकलतेय."

शुक्रवारी ऑफिसच्या मागच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. मुलगी बोलायला उभी राहिली. "लोकांना वाटतं, बाबांच्या नोकरीपायी आईचं नुकसान झालं. पण आईवर कोणी जबरदस्ती केली नव्हती. मोठं पद तिनं स्वतःच्या हातानं लिहून सोडलं. माझ्यावर अशी वेळ आली, तेव्हा मला तीच आठवली."

माझ्या मागच्या रांगेत दोन जुने कारकून होते. एक खाकरला. दुसरा हळूच म्हणाला, "हो, स्वतःच्याच हातानं!" मी मान वळवली नाही.

"बाबा, तुम्ही दोन शब्द बोला ना."

मी उभा राहिलो. पहिल्या रांगेतून मोठ्या बाई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, "ती कामावर कधी उशिरा गेली नाही." आणि बसलो.

घरी चालत येताना मुलीनं माझा हात धरला. "बाबा, खरं सांगा. ते पत्र दिलं तेव्हा आई रडली होती का? मी दोन दिवस रडतेय. वाटतं, मी तिच्याइतकी चांगली नाही."

तेव्हा सांगता आलं असतं. रस्त्यावर आम्ही दोघंच होतो. पण आता तीच एक उरलीय, आणि तिनं माझा हात धरला होता.

"नाही गं," मी म्हणालो. "हसत दिलं तिनं."

मुलीनं डोळे पुसले. म्हणाली, "मग मीपण नाही रडणार." शनिवारी सकाळी तिनं पत्र लिहिलं, मला वाचून दाखवलं आणि तिच्या ऑफिसात देऊन आली. मी ऐकलं, आणि एका ठिकाणी तारीख राहिली होती ती सांगितली.

असं पत्र पंधरा दिवसांत परत घेता येतं. तिच्या आईलाही घेता आलं असतं. त्यातले नऊ दिवस गेलेत. मुलगी रोज संध्याकाळी फोन करते, जेवलात का विचारते. मी जेवलो म्हणतो. ते पत्र मी लिहिलं होतं, हे अजून तिला सांगितलेलं नाही.