खोकल्याचं औषध

सायकल किल्ल्याच्या दरवाजाशी टेकवून तिने आधी लेकीच्या हँडलवरची घंटी मुठीत धरली.

"पुरे आता! रस्त्यावर चिटपाखरू नाही, सकाळपासून वाजवतेस कुणासाठी?"

दहा वर्षांच्या लेकीचं लक्ष बाबाकडे होतं. तो आपल्या सायकलचं कुलूप चाचपडत होता. त्याच्या जुडग्यात शाळेच्या बसची किल्लीही लटकत होती. बावीस वर्षं तो बस चालवत होता, चाळीस मुलांची ने-आण, पण गाडीला साधा ओरखडा नाही. हे त्याची बायको येईल-जाईल त्याला सांगायची. उद्या सुट्टी संपून शाळा उघडणार होती.

तिने पिशवीतून बाटली काढली. "आ कर."

पोर बसमध्ये वाटभर खोकते, अशी मदतनीस बाईंची तक्रार होती. घरी मात्र खोकल्याचा मागमूस नसायचा. डॉक्टरांना काही सापडलं नव्हतं, तरी तिने औषध सोडलं नव्हतं. ही चौथी बाटली. लेकीने तोंड वाकडं करून घोट गिळला.

किल्ला सातशे वर्षांचा होता. तिकीटवाल्या म्हाताऱ्याने बजावलं होतं, "बुरुजात जपून हं. कोठडीच्या तोंडावरची जाळी दुरुस्तीला काढलीय. नुसती दोरी आहे." बुरुजाच्या दारात त्याने हेच पुन्हा सांगितलं. उन्हातून आत गेल्यावर क्षणभर काळोख वाटला, मग हळूहळू सगळं दिसू लागलं. फरशीच्या मधोमध चौकोनी भोक. त्यात पूर्वी कैद्यांना खाली सोडत. भोकाभोवती गुडघ्याएवढ्या उंचीवर दोरी बांधलेली.

ती वर छताच्या कमानी बघत होती. नवराही बघत होता आणि बघता बघता पुढे चालला होता. सरळ दोरीकडे. थट्टा करतोय, असं तिला वाटलं. आता थांबेल, मग थांबेल. त्याचा गुडघा दोरीला लागला, दोरी ताणली गेली, तरी त्याने पाय उचललाच.

"ट्रिंग! ट्रिंग! ट्रिंग!"

लेक तोंडानेच ओरडली होती.

नवरा जागच्या जागी थिजला. उचललेला पाय त्याने हळूच मागे घेतला. लेक आणखी दोनदा "ट्रिंग, ट्रिंग" म्हणाली, तसा तो उजवीकडे वळून भिंतीपाशी गेला आणि दगडावर तळहात टेकून उभा राहिला.

आज दिवसभर ती ज्या घंटीवर खेकसत होती, ती यासाठी वाजत होती तर.

"कधीपासून?"

"पावसाळ्यापासून." तो भिंतीशीच बोलल्यासारखा बोलला. "समोरचं दिसतं गं. बाजूचं, खालचं नाही. हिला मी सांगितलं नव्हतं. हिनेच ओळखलं."

"आणि बस?"

उत्तर लेकीने दिलं, घाईघाईने, आईची समजूत घालावी तसं.

"बसमध्ये मी बाबांच्या मागेच बसते ना! तिथं घंटी नाही, म्हणून खोकते. एकदा डावीकडे, दोनदा उजवीकडे, तीनदा थांबा. एकदाही चुकले नाही मी."

ती बुरुजाच्या जिन्याच्या पायरीवर बसली. चाळीस मुलं, आणि एका दहा वर्षांच्या पोरीचा घसा. त्या पोरीला ती चमच्याने औषध पाजत होती, आणि पोरीने चारही बाटल्या मुकाट्याने गिळल्या होत्या.

तिने हात पुढे केला.

"बसची किल्ली द्या. उद्या शाळेच्या ऑफिसात मी येते तुमच्याबरोबर. तुम्हीच सांगायचं त्यांना."

त्याने खिशातून जुडगा काढला, बसची किल्ली सोडवली आणि हात पुढे धरला. पण तिचा तळवा खाली, थोडा बाजूला होता. त्याची बोटं हवेतच घुटमळली.

लेक एकदा खोकली.

त्याचा हात डावीकडे सरकला, आणि किल्ली आईच्या तळव्यात पडली.