वळणावरची टीप

माझ्या बायकोने वाजवलेलं शेवटचं गाणं पुसून टाकायचं घाटत होतं, तेव्हाची ही गोष्ट. मी शिंपी माणूस. मला कापड कळतं, सूर कळत नाही. त्यामुळे जसं घडलं तसं सांगतो.

ती बास गिटार वाजवायची. चार जाड तारा, लांब गळा आणि वजन असं की उचलताना कंबर आठवावी. पहिल्यांदा ती माझ्या दुकानात आली तीच गिटारचा पट्टा घेऊन. तो इतका अरुंद होता की तिच्या खांद्यावर वळ उठला होता.

"रुंद करून द्या. आतून मऊ काहीतरी लावा," ती म्हणाली.

"एवढं जड आहे, तर हलकं वाद्य का घेत नाही?"

"एवढी बडबड करता, तर गिऱ्हाईक टिकतं कसं?"

मी पट्टा करून दिला. तो तिने शेवटपर्यंत सांभाळला. मलाही.

तेव्हा ती हॉटेलातल्या नाचाच्या बँडमध्ये वाजवत होती. लोकांना वाटायचं ही गाणारी असेल, कुणाचं तरी वाद्य धरून उभी आहे. मग ती सुरू करायची आणि बोलणारी टेबलं गप्प व्हायची. अंगठ्याने तार ठोकायची, बोटांनी ओढायची, डावा हात गळ्यावर असा पळायचा की दोघंजण वाजवताहेत असं वाटावं. पुढे रेकॉर्डिंगची कामं आली, दौरे आले, तिचा स्वतःचा बँड झाला. जाड तारांवर ती गाणं म्हणते, असं लोक लिहायचे. तिला मात्र अभिमान होता तो न वाजवलेल्या जागांचा. "भरायला काय, कुणीही भरतं," म्हणायची. "रिकामं ठेवायला दम लागतो."

लांबून पोरं-पोरी यायच्या तिचे हात बघायला. ती म्हणायची, "हात काय बघता? पाय बघा." बघावं तर उजवा पाय आपला झुलतोय, पंजा-टाच, पंजा-टाच. लोक ताल धरतात तसा आपटत नसे, नुसता झुलायचा. पोरांना त्यातलं काही कळायचं नाही. मलाही नाही.

तिचा रियाज माझ्या कामाच्या खोलीत चाले. पलीकडची खोली रिकामी असायची.

"अगं, माझ्या मशीनचा खडखडाट होतो तुला."

"होऊ द्या. तुम्ही शिवा."

शेवटी आजाराने तिला घराबाहेर पडता येईना, तेव्हा रेकॉर्डिंगही त्याच खोलीत झालं. तिच्या बँडची एक पद्धत होती. इतर ठिकाणी आधी ड्रम वाजवून घेतात आणि बास त्यावर बसवतात. यांच्याकडे आधी ती एकटी वाजवायची आणि मग बाकीचे तिच्यावर आपापलं वाजवायचे. लय सांगणारी टिकटिक कानात लावून वाजवणं तिला पटत नसे. "त्या टिकटिकीला गाण्यातलं काय कळतंय?" रेकॉर्डिंगवाल्याने गिटारची वायर सरळ आपल्या यंत्राला जोडली. माइक नव्हताच. "खोलीतला आवाज यात येत नाही, काका. तुम्ही खुशाल मशीन चालवा," तो म्हणाला. मी चालवलं. ती वाजवत गेली. सगळी गाणी पुरी केली आणि मग ती गेली.

पुढे बऱ्याच दिवसांनी तिचा ड्रमवाला घरी आला. तो तिला ताई म्हणायचा आणि मला भावजी. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला, चहा हातात तसाच धरून.

"बाकीची गाणी झाली, भावजी. शेवटचं बसत नाही."

"म्हणजे काय होतं?"

"ताई मध्येच हळू होते. मग पुन्हा सुटते. पुन्हा हळू. मी कुठे धरू? आणि एका जागी तर तिथल्या तिथे घुटमळते, पुढचं विसरल्यासारखी. घड्याळ चुकेल पण ताईची लय चुकायची नाही, भावजी. पण..."

"हात थकले असतील तिचे," मी म्हणालो.

"कॉम्प्युटरवर कापून सरळ करून पाहिलं. ऐकवत नाही. ती ताईच वाटत नाही." तो खाली बघून बोलत होता. "म्हणून आम्ही म्हटलं, तिच्या शिष्येकडून नव्याने वाजवून घ्यावं. ताईचं पुसून."

माझी लेक दारात उभी होती. "आईचं काही पुसायचं नाही. वाकडं तर वाकडं."

"अगं, वाकडं वाजवलं म्हणून तुझ्या आईने मला भर स्टेजवर झापलंय! आणि आता लोकांनी म्हणावं, शेवटी बाईच चुकली? मला नाही चालायचं ते."

"मग तू नीट वाजव ना, मामा!"

"कशावर वाजवू?"

दोघंही भांडत होती ती तिच्यासाठीच. मग दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही सांगा."

मी काय सांगणार? समोर एक कोट अर्धा पडला होता. मी मशीनवर बसलो आणि कॉलरला टीप मारायला घेतली. हाताला काम असलं की माणसाला निभावून नेता येतं.

"थांबा," ड्रमवाला म्हणाला.

मी थांबलो.

"थांबू नका हो, चालवा. हां... आता का हळू झालात?"

"कॉलरचं टोक आहे. वळणावर हळू नाही झालं तर टीप बाहेर जाते."

त्याने चहा खाली ठेवला. "ताई ते शेवटचं गाणं वाजवत होती, तेव्हा तुम्ही काय शिवत होतात?"

मला आठवायला वेळ लागला नाही. ते खुंटीवर टांगलेलं होतं. तिच्या गिटारची नवी खोळ. गिटार शिष्येला द्यायची, पण फाटक्या खोळीतून नाही, असं तिने बजावलं होतं. म्हणून ती वाजवत असताना मी तिच्या शेजारी तीच शिवत होतो. जाड कॅनव्हास, सगळ्या कडेने पाइपिनची गोल किनार.

ड्रमवाल्याने खोळ मांडीवर घेतली आणि मोबाइलवर गाणं लावलं. "सुरुवात कुठून केलीत?"

"खालून. इथून."

त्याने शिवणीवर बोट ठेवलं आणि ते गाण्याबरोबर सरकवू लागला. बोट थोडं पुढे-मागे होत होतं. पण सरळ बाजू होती तिथे गाणं सरळ पळत होतं. गिटारच्या कंबरेची खाच आली आणि गाणं सावकाश झालं. गळ्याजवळ शिंगासारखं टोक असतं, त्याचं वळण आलं, पुन्हा सावकाश. वळण संपलं की सुटलं. मग ती जागा आली जिथे ती पुढचं विसरली होती. तिथल्या तिथे घोळत राहिली, दोनच सूर, हलके.

"इथे काय झालं, भावजी?"

मी खोळ उलटी केली. आतल्या बाजूला गाठ होती.

"इथे दोरा तुटला होता. सुईत ओवायला मला वेळ लागला. चष्मा नव्हता."

गाण्यात ती दोन सूर घोळवत होती. मग माझी सुई ओवून झाली असावी, कारण ती पुढे निघाली.

"ती चुकत नव्हती," ड्रमवाला म्हणाला. "ती तुमच्याबरोबर चालली होती."

लेकीने माझ्या पायाकडे बोट दाखवलं. मशीन बंद होतं, पण माझा पाय पायडलवर असल्यासारखा झुलत होता. पंजा-टाच, पंजा-टाच.

"पाय बघा," ती म्हणाली. आणि रडायला लागली, आणि हसायलाही.

गाणं पुसलं नाही. ड्रमवाल्याने माझ्याकडून खडू घेतला, वळणं आणि गाठ जिथे होती तिथे खोळीवर खुणा केल्या, आणि ती समोर टांगून त्याने ड्रम वाजवले. नंतर गिटार त्याच खोळीतून शिष्येकडे गेली. खडू झटकू नकोस, एवढंच मी तिला म्हटलं.

इतकी वर्षं मला वाटायचं, तिच्या जगात माझं काम एका पट्ट्यापुरतं. ती मोठमोठ्या स्टेजवर, मी कापडाच्या ढिगात. पण स्टेजवरही तिचा पाय माझ्या खोलीतच असायचा, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. हे मला कळायच्या आत तिचं गाणं पुसलं गेलं असतं. नाही गेलं. याहून जास्त मी काय मागणार? तिचे आणि त्या ड्रमवाल्याचेही माझ्यावर फार उपकार आहेत.

आता मी कामाला बसलो की लेक ते गाणं लावून देते. सूर मला अजूनही कळत नाही. पण दोरा तुटतो ती जागा कळते. तिथे मी पाय थांबवतो. ती पुढे जात नाही. मी सुई ओवेपर्यंत तिथेच थांबते.